आक्काचं पहिलं नको

मी आक्काला एकदाच विचारलं. "येतीस काय माझ्यासंगं?" ती म्हणाली, "नको गं." आणि मी म्हटलं, "बरं." एवढंच झालं. भांडण नाही, वाद नाही, आवाजसुद्धा चढला नाही. तरी त्या एका 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

कोल्हापूरकडच्या माणसाला एवढ्यावरच कळलं असेल. बाकीच्यांना नीट सांगायला पाहिजे. आमच्यात पहिलं नको हे नको नसतंच. दारात आलेल्या माणसाला जेवायला बस म्हटलं की तो हात आडवा धरतो. "नको नको, घरातनं जेवूनच निघालोय." साफ खोटं. पोटात कावळे ओरडत असतात त्याच्या. घरातली बाई म्हणते, "बसा की वो पावणं, दोन घास." तो म्हणतो, "खरंच नको." तोवर ताट वाढून झालेलं असतं. तिसऱ्यांदा दटावून सांगितलं की पावणं बसतात आणि चार भाकरी हाणतात. पहिल्या नकोवर जी बाई गप्प बसली, तिचं नाव गावात निघतं. पुढची दहा वर्षं लोक सांगत राहतात, "गेलतो की त्यांच्यात, पाण्याचा तांब्या दिला आणि बसली बघत."

हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मी याच मातीतली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला मी एकवीस वर्षं काढली. दिवसभर नट-बोल्ट, बेअरिंगं, आणि ते मागायला येणारे पुरुष. त्यांच्यात राहून माझाही आवाज मोठा, तोंड फटकळ. सुपरवायझर चिठ्ठीशिवाय माल मागायला आला तर त्याला आल्या पावली परत पाठवते, पण डबा उघडला की त्यालाच तीनदा आग्रह करते. आग्रह कुठे करायचा हे मला कुणी शिकवायला नको.

आक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. दाजी यंत्रमागावर कामाला आणि आक्का त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायला. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून पुढचं शिकायला मला तिच्याकडे ठेवलं. दीड खोली, त्यात ती दोघं, तिचं तान्हं पोर आणि मी. चार वर्षं राहिले. एकदाही तिने मला ओझं झाल्यासारखं वागवलं नाही. सकाळी मी शाळेला निघताना ती रातपाळीवरनं आलेली असायची, केसात कापसाचे तंतू, डोळे लाल, आणि तशीच उभ्या उभ्या माझी वेणी घालायची. त्या मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. आता तिच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं बोलावं लागतं. दाजी गेले, मुलगा-सून चांगली आहेत, नातवंडं आहेत. पण ती फिरली कुठे? जोतिबा, नरसोबाची वाडी, आणि एकदा लग्नाला बेळगाव. संपलं तिचं जग.

आणि तिला पाण्याचं वेड. नदीकाठच्या गल्लीत घर, त्यामुळे मोठ्या पुरात त्यांच्या दारात कमरेएवढं पाणी आलं. सगळ्यांना रबरी बोटीतनं बाहेर काढलं. सून रडतेय, शेजारीण छाती बडवून घेतेय, कुणाची म्हैस राहिली, कुणाचा फ्रिज राहिला. आक्का बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेली, गप्प. मी शाळेतल्या छावणीत तिला भेटायला गेले तेव्हा मला वाटलं, धसका घेतला हिने. तर तिने मला जवळ ओढलं आणि तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. लई मजा आली गं." आणि स्वतःच तोंडावर पदर धरला. घर चिखलात बुडालंय आणि ही बया म्हणतेय मजा आली! मी पोट धरून हसले. नंतर आठवडाभर दोघी मिळून चिखल उपसला, तेव्हाही ती मधेच माझ्याकडे बघायची आणि आम्हाला हसू फुटायचं.

अलेप्पीचं खूळ माझ्या डोक्यात आलं तेही तिच्यामुळेच. एका रविवारी तिच्याकडे बसले होते, मोबाईलवर काहीबाही बघत. त्यात केरळातल्या त्या गावाचा व्हिडिओ लागला. रस्त्याच्या जागी कालवा, दारात होडी, एसटीसारखी माणसांनी भरलेली बोट. आक्का भाजी निवडत होती. तिने मान वळवली. "हे कुठलं गाव गं? पूर आलाय व्हय?" मी ओरडून सांगितलं, पूर नाही, तिकडे बारा महिने असंच असतंय. ती थक्क झाली. "आणि माणसं कामाला जात्यात बोटीतनं?" व्हय म्हटलं. मग तिने तो व्हिडिओ परत लावायला लावला. आणि परत. तिसऱ्यांदा बघताना तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती.

ते बघून मीच ठरवलं, जायचं. आणि ठरवताना एकटीनंच जायचं ठरवलं. हे का, ते खरं सांगते. माझ्या नशिबातला प्रवास म्हणजे नवऱ्याच्या भावकीबरोबर टेम्पो ट्रॅव्हलर करून देवाला. तिथेही गॅस-शेगडी बरोबर, आणि पंचवीस माणसांच्या भाकऱ्या बडवायला आम्ही चौघी. देव बघितला की नाही आठवत नाही, पण कुठल्या धर्मशाळेत मोरीला पाणी नव्हतं ते आठवतं. मला एकदा, फक्त एकदा, कुणी "चहा टाकतीस काय" असं न म्हणणाऱ्या गावात जाऊन यायचं होतं. आपल्या चालीनं चालायचं, वाटेल तिथं बसायचं, कुणासाठी थांबायचं नाही. मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर ते म्हणाले, "जा की, कुणी धरलंय?" पोरगा पुण्याला, त्याने तिकीट काढून दिलं. एकच.

तिकीट काढल्यानंतर मी आक्काकडे गेले. हे लक्षात घ्या, तिकीट काढल्यानंतर. खरं तर न विचारताच जायचं होतं, पण ती व्हिडिओवाली, तिला न विचारता जाणं बरं दिसेना. म्हणून विचारलं. चपला पायात घालता घालता विचारलं. "येतीस काय माझ्यासंगं?"

"नको गं," ती म्हणाली. "गुडघं धरल्यात माझं. तुला कशाला लोढणं?"

आणि लगेच, एका दमात, "किती दिवस जातीस? तिकडलं पाणी गोडं असतंय का खारं? बोटीत बसायला फळ्या असत्यात का खाली बसायचं?"

यायचं नसलेलं माणूस हे विचारतं होय? मला सगळं दिसत होतं. तिच्या हाताने पदराचं टोक गुंडाळायला घेतलेलं दिसत होतं. मी एकदा "चल की गं" म्हटलं असतं, ती म्हणाली असती, "पोरांचं कोण बघंल?" मी म्हटलं असतं, "बघंल सून, तू चल," आणि ती दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार झाली असती. पण मी मनात हिशोब केला. हिचे गुडघे, म्हणजे पायी फिरणं नाही, रिक्षा आल्या. हिचे कान, म्हणजे बोटीत ओरडून बोलायचं, माणसं बघणार. माझं ते एकटीचं गाव गेलंच की मग. म्हणून मी म्हटलं, "बरं." आणि वर साळसूदपणे म्हटलं, "तब्येतीला जप." चप्पल घातली आणि निघाले. तिने आतून शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांचा डबा आणून माझ्या पिशवीत कोंबला. तिने काही मनात आहे असं दाखवलं नाही.

मिरजेवरनं गाडी. एक रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत, मग एर्नाकुलमला उतरून दुसरी गाडी, आणि दीड तासात अलेप्पी. उतरले तेव्हा मी जी सुटले ती सुटलेच. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला आक्काची आठवणही आली नाही.

गावातनं दोन मोठे कालवे जातात. दोन्ही काठांनी रस्ते, मधेमधे पायी जायचे पूल, जुनी काथ्याची गोदामं, त्यांच्या भिंतींना शेवाळ. काही ठिकाणी पाण्यावर जलपर्णी इतकी दाट की वाटतं वरनं चालत जावं. आमच्या पंचगंगेत इचलकरंजीजवळ असते ना, तशीच. ती ओळखीची वाटल्यामुळे मला उगाच धीर आला. घरासारख्या मोठ्या बोटी भाड्याने मिळतात, पण त्या आपल्यासारख्यांच्या नव्हेत. त्यांचा दलाल मागे लागला तेव्हा मी त्याला आपल्या भाषेतच सुनावलं, "ओ पावणं, वाट सोडा, माझ्याकडं पैशाचं झाड न्हाय." त्याला शब्द कळला नाही, पण सूर कळला. गेला बिचारा.

सरकारी बोट मात्र माझी. जेट्टीवर जायचं, सुटायला लागलेली बोट दिसली की चढायचं. कंडक्टर येतो, जाईल तिथपर्यंतचं तिकीट देतो, आणि एसटीच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त. पुढे चाक धरून एक जण, घंटी वाजली की इंजिन हळू, परत वाजली की जोरात. शाळेची मुलं, मासळीवाल्या, पिशवीत औषधं घेतलेले म्हातारे. दर दोन-चार मिनिटांनी कुणाच्या तरी घराच्या पायरीला बोट टेकायची, माणूस उतरून सरळ आपल्या अंगणात जायचा. मी खिडकीशी बसून आक्काच्या दशम्या चटणीशी खाल्ल्या. शेजारच्या बाईला दिल्या. तिने घेतल्या आणि चटणीने तिला ठसका लागला. दोघी हसलो, आणि मग तिने मला एक केळं दिलं.

सगळ्यात नवल म्हणजे तिथली भातशेती. पाणी वर आणि शेत खाली. बोटीतनं खाली वाकून बघायचं, तर बांधापलीकडे खोल हिरवं भात, घरांचे पाये पाण्यापेक्षा खाली. माझा पहिल्यांदा विश्वास बसेना. बांध फुटला तर काय, असं मी शेजारणीला हातवारे करून विचारलं. तिने हातानेच सांगितलं, फुटतो, मग परत बांधतो. मी दिवसभरात तीन बोटी बदलल्या, कुठे चालले ते न विचारता. इतकी हलकी मी लग्नाच्या आधीसुद्धा नव्हते.

राहायला एका बाईंच्या घरात खोली घेतली होती. त्या साठीच्या. तरुणपणी नर्स म्हणून वीस वर्षं दिल्लीकडे काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायच्या. घर एका बारक्या कालव्यापलीकडे, जायला फळीचा पूल. सगळी गल्ली त्यांना चेची म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. चेची म्हणजे आक्काच की, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं आणि मी ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. पाय तुटत होते, दुपारच्या दोन दशम्यांवर आणि केळ्यावर दिवस काढलेला. फळीवरनं येतानाच वास आला. खोबरेल तेलात कढीपत्ता, लाल मिरची, आंबट काहीतरी आणि मासा. माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की काय सांगू. दिवेलागणीला चेची माझ्या दाराशी आल्या. "मछली बनाया है. खाएगी?"

आणि माझ्या तोंडून, न विचारता, जन्माची सवय बोलून गेली. "नहीं नहीं चेची, खा के आयी मैं."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मला वाटलं, आता येतील. मी हात धुऊन आले. केस सारखे केले. आता म्हणतील, थोडा तो खाओ. पलीकडे ताटल्यांचा आवाज. आता हाक मारतील. टीव्ही लागला. पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज. चेची आपल्या आपल्या जेवत होत्या! मी खाटेवर बसून चिवड्याची पुडी फोडली, आणि प्रत्येक घासाला माझा पारा चढत गेला. काय बाई माणसं ही! एकदा विचारायचं आणि सुटायचं? माणूस दिवसभर फिरून आलंय, तोंड बघून कळत नाही? आमच्यात कुत्र्यालासुद्धा दोनदा यू यू करतात. उद्या खोली सोडते, असंसुद्धा मनात आलं. मी चिवडा चावत होते आणि चेचींना शिव्या घालत होते, आणि मधेच कुठेतरी तो चिवडा तोंडातच राहिला.

कारण मला माझंच 'बरं' ऐकू आलं.

चेचींना काय माहीत आमच्यातलं? त्यांच्या लेखी नाही म्हणजे नाही. त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला. त्यांच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. पण मी? मला आक्काचं नको काय होतं ते बोलायच्या आधीच ठाऊक होतं. मी ते नको झेललं आणि खिशात घातलं, कारण मला तेच हवं होतं. रीतच अशी की पहिलं नको खोटं असतं, आणि मी ते खोटं खरं धरून निघून आले. हाक येईल म्हणून हात धुऊन बसलेल्या माझ्या जागी मला आक्का दिसली आणि मला रडू आलं. भूक होती, राग होता, पण रडू त्याचं नव्हतं.

सकाळी उठून पहिलं काम केलं ते आक्काला फोन. जेट्टीवर उभी राहून, बोटींच्या इंजिनावर आवाज चढवून ओरडले. "आक्का, ये तू इकडं! मालकांस्नी सांगतो, मिरजेत गाडीत बसवत्याल, मी एर्नाकुलमला घ्यायला येतो!" आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतो. कारखान्यात मी येते म्हणते, पण आक्काशी बोलायला लागले की आपोआप येतो.

"आता?" ती म्हणाली. "नको गं बाई."

"ये की."

"खुळी का काय? तू परवा निघणार नव्हं का?"

परवाच निघणार होते मी. ती गाडी रोज नसते. मिरजेतनं ती येईपर्यंत माझी रजा संपणार होती, माझं परतीचं तिकीट होतं. आग्रह करायला लागले तेव्हा हे मला माहीत नव्हतं का? होतं. येता येणारच नाही अशा वेळी मी तिला ये म्हणत होते. माझं मन हलकं व्हावं म्हणून. ते तिलाही कळलं असणार, कारण तिने मला सोडवलं. "तू बघ समदं," ती म्हणाली. "आल्यावर सांग मला." मग म्हणाली, "चटणी पुरली काय?" मी पुरली म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशीही मी बोटीत बसले, पण आता प्रत्येक गोष्ट आक्काच्या डोळ्यांनी दिसायला लागली, आणि ते काही सुखाचं नव्हतं. एका पायरीवर एक म्हातारी उभी होती. आक्काहून दहा-पंधरा वर्षांनी तरी मोठी, पाय धनुकलीसारखे वाकलेले. बोट टेकली, कंडक्टरने तिचं मनगट धरलं, मागच्या पोरीने कमरेला हात दिला, आणि म्हातारी आत. कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. ती बसली, पदरासारखं काहीतरी सारखं केलं आणि ड्रायव्हरशी मोठमोठ्याने बोलायला लागली. बहुतेक ऐकू येत नसावं तिलाही. ड्रायव्हर तितक्याच मोठ्याने उत्तर देत होता. सगळी बोट ऐकत होती आणि मधेमधे हसत होती.

गुडघे म्हणे! कान म्हणे! मी घरी बसून ज्या अडचणी रचल्या होत्या, त्या या गावात रोज सकाळी बोटीत चढत-उतरत होत्या. मी त्या म्हातारीकडे बघू शकले नाही. पुढच्याच जेट्टीवर उतरले आणि उन्हात एका चहाच्या टपरीवर कितीतरी वेळ बसून राहिले. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, काही होतंय का. मी म्हटलं, काही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी चेचींनी विचारलं, "नाश्ता करेगी?" मी म्हटलं, "हां." एका झटक्यात. स्वतःच्याच आवाजाची गंमत वाटली. पुट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला उंडा, आणि काळ्या हरभऱ्यांची आमटी, पोटभर खाल्ली. खाताना मी त्यांना सगळं सांगितलं. मासा, चिवडा, आमच्यातलं तीनदा विचारणं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तो तुम लोगों को पता कैसे चलता है कौन सच में भूखा है?"

"पता चलता है," मी म्हटलं. "मुँह देखके पता चलता है, चेची. हमेशा पता चलता है."

त्यांना वाटलं मी अजून गमतीत बोलतेय. त्यांनी माझ्या ताटात आणखी वाढलं, न विचारता, आणि मी ते सगळं खाल्लं.

परत आले त्या रविवारीच इचलकरंजीला गेले. केळ्याचे वेफर्स, हलवा, आणि नातवंडांना लाकडाची एक बारकी होडी. आक्काला सगळं सांगितलं. ती समोर बसून ऐकत होती, कान माझ्याकडे करून, मधेमधे व्हय व्हय करत. शेत खाली आणि पाणी वर हे तिला पटेना, मग मी ताटली आणि वाटी घेऊन दाखवलं. बोटीतल्या म्हातारीचंही सांगितलं. ती म्हणाली, "धट्टीकट्टी हाय की म्हातारी," आणि हसली.

मग मी सरळ बोलले. "आक्का, चुकलं माझं. तवा मी तुला धरून न्यायला पाहिजे होतं. मला कळत होतं आणि मी न्हेलं न्हाय."

वेफरचा पुडा होता त्याचं तोंड तिने दोनदा मुडपून रबर लावलं.

"ऐक," मी म्हटलं. "दिवाळी झाली की आपण दोघी. तिकीट मी काढतो, खालचा बर्थ. चेचींच्या घरात राहायचं. चालायचं न्हाय कुठं, नुसतं बोटीत बसायचं. तू नको म्हटलंस तरी मी ऐकणार न्हाय." मी तयारीनेच आले होते. ती पहिल्यांदा गुडघे काढेल, त्याला उत्तर होतं. मग नातवंडं काढेल, सुनेशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा ती पैशाचं काढेल, तेव्हा मी तिचा हात धरणार होते. दहा वेळा नको म्हणाली असती तरी मी अकराव्यांदा विचारलं असतं.

"येतो की," आक्का म्हणाली.

लगेच. हसून. मान हलवून.

लग्नाच्या कार्यालयाच्या दारात कुणी लांबची पावणी भेटते. ती म्हणते, "या की एकदा घराकडं." आपण पायात चप्पल अडकवता अडकवता म्हणतो, "येतो की." तीही जाते, आपणही जातो, आणि कुणी कुणाकडे येत नाही. आयुष्यात हजार वेळा म्हटलेत मी हे दोन शब्द, अशा माणसांना, ज्यांच्या घरचा रस्तासुद्धा मला माहीत नाही. आपल्या माणसाला आपण असं म्हणत नाही. आपल्या माणसाला आपण नको म्हणतो, आणि तो ओढेल म्हणून थांबतो.

"खरंच येतीस?" मी विचारलं. मला हवं होतं तिने नको म्हणावं. एकदा तरी. पोरांचं कोण बघंल म्हणावं, तुला कशाला लोढणं म्हणावं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तोंड बघून कळतं, हमेशा कळतं.

"येतो की गं," ती म्हणाली. "तू सांग फकस्त कधी ते."